तडा आणि त्याचे वाचन : नॉर्थरिजच्या भूकंपानंतरच्या पोलादी इमारती

१७ जानेवारी १९९४ रोजी पहाटे ४ वाजून ३१ मिनिटांनी लॉस एंजेलिसच्या वायव्येकडील सान फर्नांडो खोऱ्यात ६.७ तीव्रतेचा भूकंप झाला. इतिहासात तो नॉर्थरिजचा भूकंप या नावाने नोंदला गेला आहे. महामार्गांचे पूल कोसळले. नॉर्थरिज मेडोज या तीन मजली गृहसंकुलाचा तळमजला वरच्या मजल्यांखाली चिरडून १६ माणसे दगावली. तेथील विद्यापीठाची काँक्रीटची वाहनतळ-इमारत आतल्या बाजूस वाकून बसली. या पडझडीत पोलादी सांगाड्याच्या उंच इमारती मात्र जागच्या जागी उभ्या होत्या. वेल्डिंगने जोडलेल्या सांगाड्याची एकही इमारत कोसळली नाही. काचा शाबूत, भिंतींना किरकोळ चिरा, छताच्या काही पट्ट्या निखळलेल्या, एवढाच त्यांचा जमाखर्च होता. कार्यालये पुन्हा उघडली आणि माणसे आपापल्या मजल्यांवर परतली.

यानंतरच्या काही आठवड्यांत जे उघडकीस आले, त्याचा इतिहास हा स्थापत्यशास्त्राच्या इतिहासाचा भाग म्हणूनच आजवर लिहिला गेला आहे. परंतु चिन्ह आणि अर्थ, मूळ आणि विकृती, साक्ष आणि तिचा अन्वय हे प्रश्न ज्यांच्या अभ्यासाच्या केंद्रस्थानी असतात, अशा साहित्याच्या अभ्यासकांनाही तो अपरिचित राहू नये. कारण या प्रकरणात सहा वर्षे चाललेला खरा वाद पोलादाविषयी जितका होता, तितकाच तो वाचनाविषयी होता.

मराठी वाचकाच्या मनात या सुमारास दुसराच एक भूकंप ताजा होता. नॉर्थरिजच्या आधी साडेतीन महिने, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीच्या परिसरात दगडामातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर ढासळल्या होत्या. तेथे नाश शोधावा लागला नाही. तो समोर होता. नॉर्थरिजच्या पोलादी इमारतींचे दुखणे याच्या नेमके उलट होते. ते दिसतच नव्हते.

ते प्रथम दिसले ते जवळजवळ अपघातानेच. भूकंपाच्या वेळी काही इमारतींचे बांधकाम चालू होते. त्यांचा सांगाडा अजून उघडा होता, म्हणून तुळई आणि खांब यांच्या सांध्यांतील तडे तेथे नुसत्या डोळ्यांनी दिसले. काही पूर्ण झालेल्या इमारतींत लिफ्ट नीट चालेनात, किंवा इमारत ओळंब्यात नाही असे आढळले. कारण शोधता शोधता छताच्या पट्ट्या काढल्या गेल्या, पोलादावरचा अग्निरोधक लेप खरवडला गेला आणि खाली तडा सापडला. मग इतरत्र शोध सुरू झाला. शंभराहून अधिक इमारतींत असे तडे आढळले. त्यांत एकमजली इमारती होत्या तशा सव्वीस मजलीही होत्या. तीस वर्षांपूर्वीच्या होत्या, तशा अजून पुऱ्याही न झालेल्या होत्या. वय, उंची, गुत्तेदार, आराखडाकार यांपैकी कशाचाही आडोसा घेता येईना.

येथे थोडे शब्दांकडे वळले पाहिजे. मराठीत भेग, चीर, फट आणि तडा हे शब्द एकमेकांच्या जागी सहज वापरले जातात, पण त्यांचे स्वभाव वेगळे आहेत. भेग सावकाश पडते. ती उन्हाने तापलेल्या जमिनीला पडते, टाचांना पडते. चीर बारीक असते. फट म्हणजे आरपार उरलेली मोकळी जागा. तडा मात्र ‘जातो’. त्यात क्षण आहे, आवाज आहे, आणि जे कणखर मानले होते त्याचे ठिसूळपण उघड होणेही आहे. म्हणूनच विश्वासाला तडा जातो, भेग पडत नाही. पोलादाविषयी अभियंत्यांनी जी कल्पना उराशी बाळगली होती तिच्यात तड्याला स्थान नव्हते. पोलाद वाकते, ताणले जाते, आणि तसे वाकतानाच भूकंपाची ऊर्जा पचवते. या गुणाला शास्त्रात तन्यता म्हणतात. उंच इमारतीचा सारा आराखडा या एका गुणावर विसंबलेला होता.

ज्या सांध्यावर हा भरवसा ठेवला गेला, त्याची रचना साधी होती. तुळईचा छेद इंग्रजी ‘आय’ अक्षरासारखा असतो: वर आणि खाली आडवे फ्लँज, मध्ये उभे वेब. वेब खांबाला जोडलेल्या पट्टीला बोल्टांनी आवळायचे आणि दोन्ही फ्लँज जागेवरच पूर्ण जाडीच्या वेल्डने खांबाला जोडायचे, ही पद्धत १९६० च्या दशकापासून रूढ झाली. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात एगोर पोपोव्ह आणि त्यांचे सहकारी यांनी १९७० च्या आगेमागे अशा सांध्यांवर प्रयोग केले. काही नमुने अपेक्षेहून लवकर तुटले, तरी एकंदर निष्कर्ष अनुकूल मानला गेला आणि १९८८ च्या बांधकाम-संहितेत या सांध्याला आगाऊ मान्यता मिळाली; म्हणजे तो वापरणाऱ्याने वेगळा पुरावा देण्याचे कारण उरले नाही. हा सांधा प्रमाण पाठ ठरला. पाठ प्रमाण ठरला की त्याकडे पुन्हा कोणी फारसे पाहत नाही, हे ग्रंथांच्या बाबतीत जितके खरे तितकेच येथेही खरे होते.

दरम्यान इमारती बदलत गेल्या. पूर्वी जवळपास प्रत्येक सांधा भूकंपाचा भार वाटून घेत असे; पुढे खर्च वाचवण्यासाठी तो भार मोजक्याच चौकटींवर टाकला जाऊ लागला. त्यामुळे त्या चौकटींतील तुळया आणि खांब अवाढव्य झाले. प्रयोगशाळेत तपासलेल्या तुळया १८ ते २४ इंच खोलीच्या होत्या. १९९० च्या सुमारास प्रत्यक्षात ३६ इंच खोलीच्या तुळया सर्रास वापरल्या जात होत्या. पोलादाची ताकदही वाढली होती. ज्या पोलादाचे किमान बळ ३६ हजार पौंड प्रति चौरस इंच धरून हिशेब केला जाई, ते कारखान्यातून येताना बरेच अधिक बळकट असे. वरवर हा लाभच. पण तुळई अधिक बळकट म्हणजे ती उशिरा वाकणार, आणि ती वाकेपर्यंत सारा ताण वेल्डवर येणार. वेल्डच्या तारेची निवड मात्र काम किती झपाट्याने उरकते यावर होत असे. त्या काळी सर्वाधिक वापरली जाणारी तार भराभर धातू भरणारी होती. ती बळकट होती, परंतु चिवट नव्हती. आणि चिवटपणाची चाचणी तिच्याकडून कोणी मागितलेलीही नव्हती.

बळ आणि चिवटपणा हे दोन भिन्न गुण आहेत, ही गोष्ट मानवजातीला एकदा महाग पडून कळली होती. १६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे ‘स्केनेक्टडी’ नावाचे नवे तेलवाहू जहाज शांत पाण्यात, धक्क्याला बांधलेले असताना, मोठा आवाज होऊन मधोमध तडकले. युद्धकाळात घाईने बांधलेल्या वेल्डिंगच्या अनेक जहाजांना अशाच चिरा गेल्या. रिव्हेट मारून जोडलेल्या जहाजात चीर एका पत्र्याच्या कडेपाशी थांबे. वेल्डने सारे जहाज एकसंध केले होते, म्हणून चिरेलाही वाट अखंड मिळाली. केंब्रिजमध्ये कॉन्स्टन्स टिपर यांनी या जहाजांच्या पोलादाचा अभ्यास केला आणि ठराविक तापमानाखाली तेच पोलाद ठिसूळ होते, हे स्पष्ट केले. त्याआधी सुमारे १९२० मध्ये ए. ए. ग्रिफिथ यांनी काचेवरील प्रयोगांतून दाखवले होते की वस्तू तुटते ती तिच्या सरासरी ताकदीनुसार नव्हे, तर तिच्यात आधीपासून असलेल्या सर्वांत घातक दोषापासून. जहाजबांधणीने हा धडा घेतला. इमारत बांधणाऱ्यांपर्यंत तो का पोहोचला नाही, हा ज्ञानशाखांमधील भिंतींचा प्रश्न आहे. जहाज थंड समुद्रात फिरते आणि इमारतीचा सांगाडा उबदार भिंतींच्या आत असतो, असे समाधान करून घेतले गेले असावे.

अगदीच कोणी सावध केले नव्हते, असेही नाही. टेक्सास विद्यापीठातील मायकेल एंगलहार्ट आणि हुसेन यांनी आठ मोठे सांधे तपासून त्यांची वागणूक अत्यंत बेभरवशाची असल्याचे लिहिले. त्यांचा निबंध डिसेंबर १९९३ च्या अंकात प्रसिद्ध झाला. नॉर्थरिज त्यानंतर महिन्याभरातच घडले.

तडे मुख्यत: खालच्या फ्लँजच्या वेल्डपाशी होते, आणि त्याचे कारण वेल्डरच्या शरीराच्या ठेवणीत होते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. खालच्या फ्लँजचा वेल्ड वरून भरावा लागतो, आणि नेमके मध्ये वेब आडवे येते. वेबच्या तळाशी एक लहान भोक कापलेले असते. वेल्डर एका बाजूने त्या भोकापर्यंत येतो, थांबतो, उठून दुसऱ्या बाजूला जातो आणि पुन्हा सुरू करतो. प्रत्येक थरात ही थांब-सुरुवात फ्लँजच्या मध्यभागी, म्हणजे ताण जेथे अधिक त्याच ठिकाणी येते. वितळलेला धातू खाली गळू नये म्हणून एक पोलादी पट्टी तळाशी लावलेली असते, आणि काम झाल्यावर ती तशीच राहू दिली जात असे. पट्टी आणि खांब यांमधील न जुळलेली बारीक रेघ म्हणजे आयतीच चीर. शिवाय वेल्डच्या मुळाशी राहून गेलेला मळ किंवा अपुरा धातू ही पट्टी झाकून टाकते. ज्या ठिकाणी दोष होण्याची शक्यता सर्वाधिक, तेच ठिकाण पाहण्यास सर्वांत दुर्घट होते.

डोळ्यांना दिसत नाही ते ध्वनीने शोधायचे, हा तपासणीचा मार्ग. मिशिगन विद्यापीठातील फ्लॉइड फायरस्टोन यांनी १९४० च्या सुमारास धातूतील दोष प्रतिध्वनीने शोधणारे उपकरण तयार केले होते. त्याच तत्त्वावर ही तपासणी चालते. पोलादाच्या पृष्ठभागावर चिकट द्राव लावून त्यावर लहानसा शोधक फिरवतात. तो सेकंदाला वीस लाखांहून अधिक कंपनांचा ध्वनी ४५, ६० किंवा ७० अंशांच्या कोनातून आत सोडतो. धातू अखंड असेल तर ध्वनी पुढे जातो. मध्ये खंड असेल तर परततो आणि पडद्यावर एक उंचवटा उमटतो. उंचवट्याची उंची आणि त्याला लागलेला वेळ यांवरून तपासनीस ठरवतो की आत काय आहे, किती खोल आहे, केवढे आहे. यंत्र तडा दाखवत नाही. ते फक्त ‘येथे काहीतरी परतले’ एवढेच सांगते; तडा हा तपासनिसाने लावलेला अर्थ असतो. आणि खालच्या फ्लँजपाशी ती पट्टी, तिच्यामागची रेघ, वेब आणि भोक हे सारे आपापले प्रतिध्वनी परत पाठवत असतात. पृष्ठभागाजवळच्या चिरांसाठी चुंबकीय भुकटीची रीतही वापरली जाते: पोलाद चुंबकित करून त्यावर लोखंडाची बारीक भुकटी टाकली की ती चिरेच्या रेषेवर गोळा होते. ही रीत अधिक बोलकी आहे. पण तिला उघडा पृष्ठभाग लागतो.

आणि पृष्ठभाग उघडा करणे हाच मोठा खर्च होता. एकेका सांध्यासाठी छत उतरवायचे, भाडेकरूंना हलवायचे, लेप खरवडायचा. जुन्या इमारतींत त्या लेपात ॲस्बेस्टॉस असे, मग कामाला वेगळीच खबरदारी. लॉस एंजेलिस शहराने १९९५ मध्ये तीव्र हादरे बसलेल्या भागांतील अशा इमारतींची तपासणी बंधनकारक केली. इतर भागांतील मालकांवर ती सक्ती नव्हती. कित्येक इमारतींचे सांधे त्यामुळे झाकलेलेच राहिले.

१९९४ च्या सप्टेंबरमध्ये संहितेतून त्या सांध्याची आगाऊ मान्यता काढून टाकण्यात आली. त्याच वर्षी अभियंत्यांची संघटना, एक तांत्रिक परिषद आणि कॅलिफोर्नियातील विद्यापीठांचा गट यांनी मिळून ‘सॅक’ हा संयुक्त उपक्रम उभा केला आणि केंद्रीय आपत्ती-व्यवस्थापन संस्था ‘फेमा’ हिने त्याला अर्थसाहाय्य दिले. ऑगस्ट १९९५ मध्ये निघालेल्या त्यांच्या अंतरिम मार्गदर्शिकेत तड्यांचे वर्गीकरण आहे, आणि साहित्याभ्यासकाने थांबून पाहावे असे ते आहे. तुळईतील नुकसान, खांबातील, वेल्डमधील, वेबच्या पट्टीतील आणि खांबाच्या सांध्यालगतच्या भागातील अशा प्रत्येकासाठी एकेक इंग्रजी अक्षर, आणि त्यापुढे प्रकार सांगणारा आकडा. वेल्डमधून आरपार गेलेला तडा वेगळा, वेल्ड आणि खांब यांच्या सीमेवरचा वेगळा, खांबाच्या पृष्ठातून कपचा उपटून नेणारा वेगळा. ज्या व्यवसायाकडे काही महिन्यांपूर्वी पोलादाच्या तड्यासाठी फारसे शब्द नव्हते, त्याने वर्षभरात एक लहानसा कोश रचला.

वाद पेटला तो या कोशातील एका नोंदीवरून. वेल्डच्या मुळाशी ध्वनितपासणीत मिळालेल्या लहान खुणांना ‘डब्ल्यू १’ असे नाव होते आणि त्यांची गणना भूकंपाने झालेल्या नुकसानीत केली गेली होती. अशा खुणा मोठ्या संख्येने सापडत होत्या. काही इमारतींत तर दुसरे काही सापडतच नव्हते. प्रश्न असा उभा राहिला की या खुणा भूकंपाने केलेल्या आहेत, की वेल्डर काम संपवून शिडीवरून उतरला तेव्हापासूनच तेथे होत्या? टेरेन्स पॅरेट यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात सप्रमाण मांडले की त्यांतील बहुतेक मूळच्या बांधणीतले दोष होते आणि भूकंपाचा त्यांच्याशी संबंध नव्हता. त्याच वर्षी निघालेल्या फेमाच्या अंतिम मार्गदर्शिकेत या नोंदी नुकसानीच्या यादीतून वगळण्यात आल्या.

पाठचिकित्सा करणाऱ्याला हा पेच नवा वाटणार नाही. हस्तलिखितातील अशुद्ध शब्द हा कवीचा, पहिल्या लेखकूचा, की नंतरच्या नकलेत शिरलेला, हे ठरवल्याशिवाय संपादकाचे पाऊल पुढे पडत नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली तेव्हा त्यांच्यापुढेही हाच प्रश्न होता. फरक एवढाच की येथे उत्तरावर पैसा अवलंबून होता. खूण भूकंपाची ठरली तर ती विमा उतरवणाऱ्याच्या माथी. मूळची ठरली तर मालकाच्या किंवा बांधणाऱ्याच्या. दोन तपासनीस एकाच प्रतिध्वनीचे दोन अर्थ लावत, आणि दोघांच्याही पाठीशी कोणाचे तरी हित उभे असे. तरीही या वादातून नुसती तडजोड निघाली नाही. ज्या सांध्यांतून नमुने कापून बाहेर काढता आले, तेथे तुटलेल्या पृष्ठभागानेच साक्ष दिली. ताजा ठिसूळ भंग चकाकतो आणि त्यावरील बाणासारख्या रेषा आपल्या उगमाकडे बोट दाखवतात. जुन्या दोषात वेल्डचा मळ अडकलेला असतो, त्याच्या कडा वितळून गोलसर झालेल्या असतात. मात्र एवढ्याने जुने दोष निरुपद्रवी ठरत नव्हते. खरे तडे त्यांच्यापासूनच निघाले होते. फक्त प्रत्येक दोषातून तडा निघालाच होता असे नव्हते. पहिल्या वाचनातील घोटाळा नेमका येथे होता: कारण आणि परिणाम यांना एकच नाव दिले गेले होते.

दुरुस्तीचे तंत्र त्यामानाने लवकर स्थिरावले. तडा विद्युत्ज्योतीने खणून पूर्णपणे काढायचा, खळगा घासून साफ करायचा, चुंबकीय भुकटीने शेवटचा धागाही उरला नाही याची खात्री करायची. मग भोवतालचे पोलाद आधी तापवून, चिवट तारेने, थरावर थर भरायचे; शून्याखालील तापमानातही किमान २७ ज्यूल ऊर्जा शोषणारा धातू हवा, ही अट आता घातली गेली. तळाची पट्टी काढायची, मूळ खणून पुन्हा भरायचे, आणि सांधा थंड झाल्यावर परत ध्वनितपासणी. हे सारे वापरात असलेल्या इमारतीत, छताच्या खाली पाण्याची नळी धरून बसलेल्या पहारेकऱ्याच्या देखरेखीखाली करायचे असे.

नव्या इमारतींसाठी सुचवलेल्या उपायांपैकी एक ऐकताच चमत्कारिक वाटतो. तुळईचे फ्लँज खांबापासून थोड्या अंतरावर दोन्ही बाजूंनी गोलाकार कापून मुद्दाम अरुंद करायचे, म्हणजे तुळई तेथे आधी वाकेल आणि वेल्डवरचा ताण मर्यादित राहील. कुत्र्याला देतात त्या हाडासारखा आकार म्हणून अभियंते त्याला ‘डॉगबोन’ म्हणतात. बेल्जियममधील आंद्रे प्लुमिए यांच्या संशोधनातून आलेल्या या कल्पनेचे अमेरिकी स्वामित्व ‘आर्बेड’ या लक्झेंबर्गच्या पोलाद कंपनीकडे होते. नॉर्थरिजनंतर कंपनीने तो हक्क सोडून दिला.

नॉर्थरिजला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, १७ जानेवारी १९९५ ला, जपानमधील कोबे येथे भूकंप झाला आणि ६,४०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. जपानी सांध्याची घडण निराळी आणि वेल्डिंग बहुतांशी कारखान्यात झालेले. तरी तेथेही ठिसूळ भंग सापडले. अशियाहामा येथील निवासी मनोऱ्यांत जाड पत्र्याचे चौकोनी खांब आडवे तुटले होते, आणि मनोरे उभे होते. दोष केवळ अमेरिकी गुत्तेदाराच्या घाईचा, हा सोपा निष्कर्ष कोबेने शिल्लक ठेवला नाही.

सॅन फ्रान्सिस्को येथे ऑगस्ट २०१८ मध्ये सेल्सफोर्स ट्रान्झिट सेंटर हे भव्य बसस्थानक सुरू झाले. २५ सप्टेंबरला छताच्या पट्ट्या बसवणाऱ्या कामगारांना फ्रेमाँट रस्त्यावरून जाणाऱ्या तुळईच्या चार इंच जाडीच्या खालच्या फ्लँजमध्ये तडा दिसला. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या तुळईतही सापडला. भूकंप झालेला नव्हता. स्थानक बंद झाले. तपासात नमुने कापून काढल्यावर आढळले की तडे वेल्डसाठी कापलेल्या भोकांच्या कडेपासून निघाले होते. भोके ज्योतीने कापताना कडेचा थर कठीण झाला, त्यात सूक्ष्म चिरा पडल्या, आणि चिरेच्या पृष्ठभागावरील उष्णतेने जमलेल्या काळ्या थरावरून त्या पोलाद तापलेले असतानाच पडल्या हे निश्चित करता आले. फ्रेमाँट आणि फर्स्ट या दोन्ही रस्त्यांवरील तुळयांना बोल्टांनी आवळलेल्या जाड पत्र्यांची जोड देऊन १ जुलै २०१९ रोजी स्थानक पुन्हा उघडण्यात आले. फर्स्ट रस्त्यावरील तुळया तडकलेल्या नव्हत्या. पण त्यांची घडण तीच होती.